180 डॉलर, तीन दिवस, आणि पोस्टरवर 'जगज्जेत्यांसारखं ट्रेनिंग' : मुलींच्या नेटबॉल कॅम्पचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, कॅम्पचं नाव लिहिणार नाहीये. इथे न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये आपली मराठी माणसं आहेत किती, उद्या त्याच लोकांशी शाळेच्या गेटवर गाठ पडायची. ज्यांना खरंच पाठवायचंय त्यांनी पर्सनल मेसेज टाका. पण ग्रुपवर तिघीचौघींनी विचारलं, कसा होता गं कॅम्प, पैसे वसूल का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बसा, लांबणार आहे.

रेटिंग आधीच देते म्हणजे घाईतल्यांची सुटका होईल. 5 पैकी 3. त्यातला दीड एका एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीमुळे, तिच्याबद्दल खाली येतंच.

तर ऑक्टोबरची सुट्टी, दोन आठवडे पोरं घरात, बाहेर पाऊस, आणि आमची चिऊ यंदा इंटरमीजिएटच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे पुढच्या वर्षी हायस्कूल. तिकडे नेटबॉलच्या (बास्केटबॉलसारखा खेळ, नियम खाली सांगते) टीमसाठी रीतसर ट्रायल असते, त्याचं तिला आत्तापासून टेन्शन. शाळेच्या नोटीस बोर्डावर पोस्टर दिसलं, तीन दिवस, सकाळी नऊ ते तीन, 180 डॉलर, टीशर्ट आणि बाटली फ्री, आणि वर मोठ्या अक्षरात की जगज्जेत्यांसारखं ट्रेनिंग घ्या. मागे काळ्या ड्रेसमधल्या खेळाडूंची सावली टाइप चित्र. कोणाचंच नाव नव्हतं, पण या देशात काळा ड्रेस, नेटबॉल आणि जगज्जेते हे तीन शब्द एकत्र आले की माणसाच्या डोळ्यांपुढे एकच बाई येते, न्यूझीलंडच्या टीमला वर्ल्डकप जिंकून देणारी कोच नोलीन टाउरुआ. तिचा या कॅम्पशी काडीचाही संबंध नाही हे स्पष्ट लिहिते, नाहीतर कोणीतरी तिला टॅग करेल. पण पोस्टर बघून मी भरले पैसे ते तिच्याच जिवावर, हे कबूल.

आता मी कोण लागून गेले नेटबॉलवर बोलणारी? मी इस्लामपूरची, शाळेत आठवीपासून खो-खो, जिल्ह्यापर्यंत खेळलेय, गुडघ्यावरचे डाग अजून आहेत. नेटबॉल हा शब्द न्यूझीलंडला येईपर्यंत मला माहीतसुद्धा नव्हता. आणि गंमत म्हणजे 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थला नेटबॉलची फायनल आपल्याच देशात झाली, न्यूझीलंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया, वेळ संपली बरोबरी, जादा वेळ दिला तरी बरोबरी, मग जो आधी दोन गोलची आघाडी घेईल तो जिंकला असं करत 66-64 ला न्यूझीलंडने सोनं नेलं. आपण तेव्हा काय करत होतो? कलमाडींच्या बातम्या बघत होतो. मी तर तेच करत होते.

आम्ही इथे आलो 2018 च्या सुरुवातीला. एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थ होतं आणि एक दिवस ऑफिसमध्ये गेले तर सगळ्यांची तोंडं अशी की मला वाटलं कोणीतरी गेलं. विचारलं तर म्हणे मलावीकडून हरलो. 57-53. मला मलावी नकाशात दाखवता आला नसता तेव्हा. शेजारच्या टेबलवाल्या बाईने मला समजावून सांगितलं की हे म्हणजे तुमची क्रिकेट टीम वर्ल्डकपमध्ये एखाद्या नवख्या टीमकडून हरावी तसं, मी म्हटलं 2007 ला आम्ही बांगलादेशकडून हरलोय, मला कळतं तुमचं दुःख. पुढे त्या इंग्लंडकडूनही हरल्या, सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने वीसच्या वर गोलने धुतलं, आणि ब्राँझच्या मॅचला जमैकाने. 1998 पासून कॉमनवेल्थमध्ये नेटबॉल आहे आणि मेडल न घेता घरी यायची त्यांची ती पहिली वेळ.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाउरुआ कोच झाली. ऑफिसातली तीच बाई म्हणाली, आता बघ. मी म्हटलं कोण ही, आणि मग तिने जे सुरू केलं ते लंच ब्रेक संपला तरी थांबेना.

थोडक्यात सांगते कारण पुढे कॅम्पचं बोलताना लागणार आहे. ही स्वतः खेळाडू, शूटर, म्हणजे गोल टाकणारी. 1994 ते 1999 सिल्व्हर फर्न्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या टीमकडून खेळली, 34 टेस्ट. फार मोठं नाव म्हणावं असं काही नाही, आयरीन व्हॅन डाइकने 200 च्या वर खेळल्यात, त्यापुढे 34 म्हणजे काय. पण कोच म्हणून बाईने जो संसार मांडला तो वेगळाच. आमच्याच इथली टीम, वायकाटो बे ऑफ प्लेंटी मॅजिक, तिला घेऊन 2005 आणि 2006 ला देशातली लीग जिंकली, त्याआधी सहा वर्षं लागोपाठ दक्षिणेतली सदर्न स्टिंग जिंकत होती. मग 2008 पासून न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया मिळून लीग सुरू झाली, नऊ सीझन चालली, त्यातले आठ ऑस्ट्रेलियाच्या टीमांनी नेले आणि एक, फक्त एक, 2012 चा, मॅजिकने. त्या सीझनला पहिल्या चार मॅच हरल्या होत्या. चार! आपल्याकडे असं झालं असतं तर पाचव्या मॅचला कोचचा पुतळा जाळला असता. आणि फायनल कुठे जिंकली तर मेलबर्नमध्ये जाऊन, 41-38, त्यांच्या घरात. आयरीन व्हॅन डाइक त्याच टीममध्ये होती, म्हणजे दिल्लीत सोनं घेऊन गेलेली बाई इथे हॅमिल्टनच्या टीमला गोल टाकायची, आणि आपण पुण्यामुंबईवरून इथे येऊन म्हणतो हॅमिल्टनमध्ये काही घडतच नाही.

एवढं करून न्यूझीलंडची नोकरी मिळाली का? 2015 ला जागा रिकामी झाली तेव्हा दुसऱ्याच कोचला दिली. मग ही गेली ऑस्ट्रेलियाला, सनशाइन कोस्ट लाइटनिंग नावाच्या नव्याकोऱ्या टीमकडे, आणि 2017 ला पहिल्याच वर्षी लीग जिंकली, 2018 ला परत जिंकली, पर्थला जाऊन 62-59. हे म्हणजे माहेरच्यांनी किंमत केली नाही म्हणून सासरी जाऊन घर उभं केलं त्यातला प्रकार. त्यातच मलावी झालं, आणि माहेरच्यांना आठवण आली.

असो, कॅम्पवर येते.

पहिला दिवस. साडेआठला पोचलो, एका शाळेचं जिम भाड्याने घेतलेलं, लाकडी फ्लोअर मस्त, हीटिंग चालू, टॉयलेट स्वच्छ, याला पूर्ण मार्क. चाळीसेक मुली. नोंदणीच्या टेबलावर टीशर्ट, मापं संपलेली, चिऊला मोठ्या माणसाचा मीडियम मिळाला, गुडघ्यापर्यंत. पाण्याची बाटली चांगली आहे, घरी रोज वापरतोय. फॉर्मवर मी अ‍ॅलर्जीमध्ये शेंगदाणा लिहिलं होतं, ते टेबलावरच्या मुलीने वाचून स्वतः चिऊच्या बॅगेला लाल टॅग लावला, हे मला आवडलं, मान्य करते. पार्किंगची मात्र बोंब, चाळीस गाड्या आणि जागा पंधरा, रोज सकाळी गवतावर चिखलात.

मी पहिल्या दिवशी सुट्टी घेतली होती म्हणून वर बाल्कनीत बसून राहिले, आयांना बसायला परवानगी होती. आणि बघते तर काय, नऊला शिट्टी वाजली आणि सगळ्या मुली थेट रिंगखाली. रांग लावून शूटिंग. वॉर्मअप नाही. धावणं नाही. दहा वाजले, शूटिंग. साडेदहाला फळं खाल्ली, परत शूटिंग. मध्ये मध्ये स्पीकरवर गाणी आणि हेड कोच मॅडम माइकवर प्रत्येकीला तू सुपरस्टार आहेस, तू सुपरस्टार आहेस. जिचा बॉल रिंगला लागलासुद्धा नाही तीही सुपरस्टार.

आता ज्यांना नेटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी. बास्केटबॉलसारखंच दिसतं पण बोर्ड नसतो मागे, नुसता खांब आणि वर 3.05 मीटरवर रिंग, तीही बास्केटबॉलपेक्षा लहान, आतून 38 सेंटीमीटर. बॉल आपटत पळता येत नाही. हातात आला की तीन सेकंदात टाकायचा. सात जणी, प्रत्येकीच्या छातीवर अक्षरं, आणि कोणी कोर्टाच्या कुठल्या भागात जायचं ते ठरलेलं. गोल फक्त दोघीच टाकू शकतात, जीएस (गोल शूटर) आणि जीए (गोल अटॅक), बाकी पाच जणींनी रिंगखाली नाचलं तरी उपयोग नाही. म्हणजे सातातल्या पाच मुलींना मॅचमध्ये आयुष्यात कधी शूटिंग करायचं नसतं! आणि कॅम्पचा पहिला अख्खा दिवस सगळ्यांना शूटिंग. आमची चिऊ जीडी खेळते, म्हणजे गोल डिफेन्स, तिचं काम समोरचीचा बॉल उडवणं. ती बिचारी दिवसभर रिंगकडे बॉल फेकत होती, घरी येताना गाडीत म्हणाली, मम्मा माझा एकच गेला.

आणि माझं डोकं इथेच फिरलं, कारण जगज्जेत्यांसारखं ट्रेनिंग म्हणताय ना, तर ते जगज्जेते झाले कसे ते तरी बघा. टाउरुआ स्वतः शूटर होती, तिला शूटिंगचं वेड असतं तर एक वेळ समजू शकलं असतं. पण 2018 ला टीम हातात घेतल्यावर तिने पहिला हात कशाला घातला तर फिटनेसला. ठरलेल्या टेस्ट, ठरलेले आकडे, ते जमत नसतील तर नाव कितीही मोठं असो, टीममध्ये नाही. यावरून पेपरात बरीच बोंबाबोंब झाली होती, एवढं कशाला वगैरे. मग तिने लॉरा लँगमनला परत आणलं, जी ऑस्ट्रेलियात खेळते या कारणाने देशाकडून खेळूच दिली जात नव्हती, केसी कोपुआला परत आणलं, जी तोवर एका मुलीची आई झालेली. या दोघी कोण तर एक सेंटर आणि एक जीडी. शूटर नव्हेत. एक कोर्टभर पळणारी आणि एक बॉल उडवणारी.

आणि 2019 ला लिव्हरपूलला वर्ल्डकप. आधीच्या फेरीत ऑस्ट्रेलियाकडून एका गोलने हरल्या, 50-49. सेमीफायनलला इंग्लंड, त्यांचंच मैदान त्यांचेच लोक, 47-45. फायनल परत ऑस्ट्रेलिया, इथे सोमवारची पहाट, मी चिऊला मांडीवर घेऊन बसलेले, ती तेव्हा सहा वर्षांची, अर्धवट झोपेत, नवरा म्हणतोय अगं तुला नियम तरी कळतात का, मी म्हटलं गप बसा. 52-51. एक गोल. 2003 नंतर सोळा वर्षांनी. आणि ऑफिसातली ती बाई मला नंतर सांगत होती की 1999 ला क्राइस्टचर्चला घरच्या मैदानावर असंच एका गोलने ऑस्ट्रेलियाकडून हरलो होतो, 42-41, तेव्हापासूनचा काटा होता तो. पंधरा महिन्यांपूर्वी मलावीकडून हरलेल्या टीमला घेऊन, हातात जेमतेम अकरा महिने. 2020 च्या सुरुवातीला सरकारने तिला डेम केलं, डेम म्हणजे आपल्याकडे पद्मचा मान असतो ना त्या जातीतलं काहीतरी, फक्त इथे नावाच्या आधी लागतं आणि सगळे खरंच लावतात.

म्हणजे मुद्दा काय की पोस्टरवर तुम्ही काहीही छापा हो, पण त्या बाईचं सगळं करिअर सांगतं की आधी पाय, मग हात. आणि तुम्ही पाय शिकवलाच नाही पहिल्या दिवशी.

वॉर्मअपचा राग वेगळाच. इथे नेटबॉलमध्ये गुडघे जातात, मुलींचे जास्त, उडी मारून बॉल पकडायचा आणि एकदम थांबायचं, कारण पुढे पळता येत नाही. त्यासाठी नेटबॉल न्यूझीलंडनेच एसीसीबरोबर (ही इथली अपघात विम्याची सरकारी संस्था) नेटबॉलस्मार्ट म्हणून वॉर्मअप तयार केलाय, फुकट आहे, आमच्या शाळेची टीम प्रत्येक मॅचच्या आधी करते, उडी मारून दोन्ही पायांवर कसं उतरायचं, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, एवढंच असतं. चाळीस मुलींचे पैसे घेता आणि हे करायला पंधरा मिनिटं नाहीत? मी दुपारी खाली जाऊन हेड कोच मॅडमना विचारलं, अगदी गोड बोलून, त्या म्हणाल्या आमचा भर फनवर आहे. मी म्हटलं फन करा, पण गुडघा गेला की सहा महिने फन बंद. त्यांनी हसून मान हलवली, ती हलवतात ना इकडे लोक, म्हणजे ऐकलं पण करणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते, ऑफिस होतं. पण साडेदहाला मेसेज आला की टीशर्टचं लहान माप आलंय, येऊन घेऊन जा, म्हणून लंचमध्ये गेले आणि बरं झालं गेले.

कोपऱ्यात एक मुलगी, उंच, पोनीटेल, कोणत्यातरी क्लबमध्ये जीडी खेळणारी, तिने आठ जणींना बाजूला घेतलेलं. स्पीकर तिकडे वाजतोय, ही इकडे हळू आवाजात बोलतेय, आठही जणी वाकून ऐकतायत. तिने खिशातून खडू काढला आणि चिऊच्या बुटाभोवती फ्लोअरवर रेघ मारली. डाव्या बुटाभोवती. म्हणाली, हा पाय आधी टेकला ना, आता हा पाय इथेच राहतो. दुसरा कितीही फिरव, हवा तिकडे ने. हा उचललास तर परत खाली टेकायच्या आत बॉल हातातून गेला पाहिजे. आणि मग तिने लांबून बॉल टाकला, चिऊने उडी मारून पकडला, उतरली, आणि दोन पावलं पुढे. नाही, परत. उतरली, एक पाऊल पुढे. परत. सातव्या की आठव्या वेळेला चिऊ उतरली आणि डावा पाय असा चिकटला त्या फ्लोअरला, त्याच पायावर गर्रकन वळून बॉल टाकला पलीकडच्या मुलीला. ती उंच मुलगी सुपरस्टार वगैरे काही म्हणाली नाही. नुसती म्हणाली, हां, आता गुडघा थोडा वाकव. बस.

माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते, कारण मला एकदम आमचे पाटील सर आठवले. खो-खोमध्ये एकदा दिशा धरली की वळता येत नाही, खांबापर्यंत जावंच लागतं, आणि मी कायम अर्ध्यात वळायची, फाऊल. सरांनी एकदा चुन्याने रेघ मारली आणि म्हणाले, तू बाकी काही करू नकोस, या रेघेवरून खांब शिवून ये, वीस वेळा. संध्याकाळी घरी जाताना पाय लटपटत होते पण परत कधी अर्ध्यात वळले नाही. फक्त तिकडे वळायचं नाही आणि इकडे हलायचं नाही, एवढाच फरक.

जीडीला अजून एक शिकवलं तिने, समोरचीच्या टेकलेल्या पायापासून 90 सेंटीमीटर लांब राहायचं आणि मगच हात वर करायचे. मुली हे अंदाजाने करतात आणि दर मॅचला दहा फाऊल देतात. तिने काय केलं, प्रत्येकीला जमिनीवर तिचं तिचं मोठं पाऊल टाकून ते खडूने मोजायला लावलं. चिऊचं पाऊल आणि वर एक वीत. आता ती स्वयंपाकघरात फ्रिजपासून मोजत असते आणि हात वर करून उभी राहते, मी दूध काढायला गेले की अंगावर येते.

तिसरा दिवस, मॅचेस. पाऊस जोरात, छतावर आवाज एवढा की शिट्टी ऐकू येत नव्हती. पालकांची गर्दी, सॉसेज सिझल, शाकाहारी काही नाही, नुसता ब्रेड आणि कांदा. मी पोहे नेले होते डब्यात, तीन आयांनी रेसिपी विचारली, एकीने हळद म्हणजे करी का विचारलं, जाऊ दे. टीम पाडताना हेड कोच मॅडमनी मुलींना हव्या त्या जागा घेऊ दिल्या, त्यामुळे दोन टीममध्ये चार चार जणी शूटर व्हायला भांडत होत्या आणि जीके (गोल कीपर) कोणालाच नको. जी रडली तिला जीके केलं. हे मला अजिबात पटलं नाही. उंच मुलीच्या टीममध्ये मात्र सगळ्या आपापल्या जागेवर, आणि एक गंमत, तिने प्रत्येक क्वार्टरच्या ब्रेकला स्वतः बोलायच्या आधी मुलींना विचारलं, काय दिसलं तुम्हाला? एक म्हणाली ती जीए कायम डावीकडे जाते. मग काय करायचं? मुलींनीच ठरवलं. जिंकल्या का? नाही, दोन गोलनी हरल्या. पण तिसऱ्या क्वार्टरला चिऊने दोन बॉल उडवले, दोन, मी मोजलेत, व्हिडिओ आहे, मागाल तर पाठवते, न मागता आईला पाठवलाय, आई म्हणाली तिला स्वेटर का घातला नाही.

आता पार्किंगमधलं बोलणं सांगते कारण त्याशिवाय ते तीन दिवस पुरे होत नाहीत. हे सगळं चाललेलं तेव्हा टाउरुआला बाजूला केलेलं होतं. 2025 च्या सप्टेंबरमध्येच नेटबॉल न्यूझीलंडने तिला थांबवलं, टीमच्या वातावरणावरून प्रश्न उठले म्हणून, आणि देश दोन गटांत. चिखलात गाड्या काढताना पण तोच विषय. एक बाबा म्हणाले आजकालच्या पोरींना जरा कडक बोललेलं चालत नाही. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की बाबा गाडीत जाऊन बसले. दुसरी आई म्हणाली जिंकून दिलं म्हणजे काहीही चालतं का. आत काय झालं ते मला विचाराल तर मी खो-खोवाली, माझं काय सांगता. ऑक्टोबरच्या शेवटी तिला परत बोलावलं, आणि माझ्या ऑफिसातल्या बाईने केक आणला, एवढं खरं.

आणि हेही खरं की ती काही देवी नाहीये. 2023 ला केपटाउनच्या वर्ल्डकपला टीम चौथी आली. ग्रेस नवेके, उंच शूटर, आधीच्याच फेऱ्यांत गुडघ्याला लागून बाहेर, त्यानंतर इंग्लंडने सेमीला 46-40 हरवलं आणि ब्राँझ जमैकाने नेलं. म्हणजे बघा, परत गुडघाच. मी कॅम्पवाल्यांना हे लिहिलं, गुगल फॉर्ममध्ये फीडबॅक मागितला होता ना, त्यात दहा ओळींची जागा होती, मी चाळीस लिहिल्या.

पण त्या पार्किंगच्या गप्पांमुळे माझ्या डोक्यात एक बसलं. सगळे जण कडक की गोड, कडक की गोड, असं तराजूत घालत होते, आणि आम्ही त्या तीन दिवसांत दोन्ही बघितले ना एकाच छताखाली. हेड कोच मॅडम कमालीच्या गोड, एकदाही आवाज चढला नाही, आणि चिऊ पहिल्या दिवशी रडवेली होऊन घरी आली कारण तिला कळत होतं की ती सुपरस्टार नाहीये. पोरांना कळतं हो. आणि ती उंच मुलगी, तिनेही आवाज चढवला नाही, पण आठ वेळा परत परत म्हणाली, आणि चिऊ हसत घरी आली, पाय दुखत होते तरी. मी रात्री पायाला तेल लावत होते तर म्हणते, मम्मा तिने माझा पाय बघितला. चेहरा नाही, पाय.

फीडबॅकचं उत्तर आलं चार दिवसांनी, ठरावीक छापील, तुमच्या सूचना मोलाच्या आहेत. पण खाली एक ओळ हाताने लिहिल्यासारखी, वॉर्मअपचं आम्ही बघतो. बघू.

हिशोब सांगते. 180 फी, पहिल्या दिवशी टीशर्टच्या मापाचा घोळ, तीन दिवसांचं पेट्रोल, आणि नवीन बूट घ्यायला लागले ते वेगळे कारण आत्तापर्यंत ती साध्या रनिंगच्या बुटांवर खेळत होती. त्या मुलीने सांगितलं की नेटबॉलचे बूट बाजूने घट्ट असतात, पाय आडवा थांबवायला, रनिंगचे फक्त पुढे जायला असतात. कुठल्या ब्रँडचे ते तिने सांगितलं नाही, उगाच महाग घेऊ नका, मागच्या सीझनचे सेलमध्ये बघा म्हणाली. हा सल्ला फीच्या बाहेरचा, म्हणून अर्धा मार्क तिला त्याचा.

जिम, स्वच्छता, अ‍ॅलर्जीची काळजी, पूर्ण मार्क. वेळेवर सुरू वेळेवर बंद, पूर्ण मार्क. पार्किंग, खाणं, टीम पाडायची पद्धत, नापास. शिकवणं, कोणाच्या ग्रुपमध्ये पडता त्यावर. चाळीस मुलींपैकी आठ जणींना खरा कॅम्प मिळाला, बाकी बत्तीस जणींना गाणी आणि बाटली मिळाली. सात-आठ वर्षांची लहान मुलगी असेल, नुसता बॉलशी ओळख करायची असेल, तर डोळे झाकून पाठवा, मजा येते त्यांना. हायस्कूलच्या ट्रायलची तयारी म्हणून पाठवणार असाल तर आधी विचारा.

जानेवारीत परत आहे म्हणे, आउटडोअर कोर्टवर. चिऊ जाणार म्हणते. ज्यांना पाठवायचंय त्यांनी फॉर्ममध्ये शेवटी विशेष विनंतीचा रकाना आहे तिथे डिफेन्स ग्रुप असं लिहा, ती उंच मुलगी तोच घेते, आठच जणी घेते, आणि नोंदणी उघडल्या दिवशीच भरते. टोपी, सनस्क्रीन आणि मोज्यांचे दोन जोड द्या. टीशर्ट एक माप लहानच मागा.